काकडीचा घोडा आणि चार स्पीकर

६ जून
आज सासरेबुवांनी लायसन्स पोलिसांकडे जमा केलं. वय चौऱ्याऐंशी. गेल्या महिन्यात शेजाऱ्याच्या संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांवर गाडी घातली, तेव्हापासून माझी बायको सानाए बापाच्या मागे लागली होती. त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. माझ्या आलं. आनंदाचं.

कारण आता त्या गाडीला दुसरा ड्रायव्हर कोण? मीच. क्रीम रंगाची कूपे, त्यांच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली. अख्ख्या उवाजिमात तसली दुसरी नाही. किल्ली मात्र अजून त्यांच्याच कमरेला.

जेवताना म्हणाले, बोनला हिला घरी तुम्ही आणा. नीट आणलीत तर गाडी तुमच्या नावावर करतो. हिला म्हणजे सासूबाईंना. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. बोनच्या सणाला पितर घरी येतात; गावातल्या बाकी सगळ्यांचे काकडीच्या घोड्यावर बसून. काकडीला चार काड्या खुपसल्या की झाला घोडा. आमच्या सासूबाई गाडीनंच येतात. १३ ऑगस्टला डोंगरावरच्या कबरीशी कंदील लावायचा, गाडीचं दार उघडायचं, त्या बसल्या असं धरायचं आणि हळूहळू घरी यायचं. आजवर या कामाला सासऱ्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

बावीस वर्षं घरजावई आहे मी. आडनाव सोडलं, ह्योदो झालो, पहाटे उठून यांच्या दुकानात मासळीच्या वड्या तळायला शिकलो. या माणसानं मला एकदाही नावानं हाक मारली नाही. जावईबापू, कढई बघा. जावईबापू, तेल करपलं. बास, एवढंच.

आता बघा म्हणावं.

९ जून
सासऱ्यांना घेऊन फेरी मारली. किल्ली त्यांनीच लावली, त्यांनीच काढली. बसल्या बसल्या त्यांनी रेडिओचं बटण फिरवलं. आवाज शून्य. खरखरसुद्धा नाही. आणि हे मान तिरकी करून ऐकतायत! एका वळणावर चक्क हसले. पुढे एकदा 'हं' म्हणाले.

कान पार गेले बिचाऱ्यांचे. रेडिओ मेलाय हे त्यांना ठाऊकच नाही आणि घरात कुणाला सांगायची छाती नाही.

संकल्प: बोनच्या आत गाडीत नवा स्टिरिओ. ब्लूटूथ, चार स्पीकर, बहिऱ्यालाही ऐकू येईल असा. सासरे बटण फिरवतील आणि गाडी गाऊ लागेल. डोळे भरून येतील. किल्ली माझ्या हातात.

सानाएला सांगितलं. म्हणाली, अहो, आधी बाबांना विचारा. हिला सरप्राईज हा प्रकारच कळत नाही.

१५ जून
निनोमियाकडे गेलो. मोत्यांची शेती करतो आणि त्याच्याकडेही जुनी गाडी आहे, म्हणजे तज्ज्ञ. ती सहा वर्षं ठोकळ्यांवर उभी आहे, पण तो मुद्दा वेगळा. म्हणाला, अमेरिकेहून मागव, तिकडे जुन्या गाड्यांसाठी खास बनवतात. बाहेरून जुनाट, आत सगळं नवं. जुन्याच भोकात बसतो, कानस लागत नाही. अर्ध्या तासाचं काम.

मागवला.

४ जुलै
पार्सल आलं. काय देखणा! दोन गोल बटणं, मध्ये चकचकीत पट्टी. सासरे डॉक्टरकडे गेले होते, तेवढ्यात जुना रेडिओ उपटला. मागे एक वायर लोंबत होती, कुणीतरी कापल्यासारखी. उंदीर असणार. जुना रेडिओ निनोमियाला दिला, सल्ल्याबद्दल. त्यानं शेडमध्ये बिलांवर वजन म्हणून ठेवला.

नव्याची बटणं जुन्या भोकांत बसेनात. जरासाच फरक. कानस लावली. जरासंच.

५ जुलै
बसला!! लावला. एकही स्टेशन लागेना.

दुपारभर फिरवलं. मग डोक्यात प्रकाश पडला. आपली जपानी स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसलेली, आणि हा अमेरिकन दहा-दहाच्या उड्या मारतो. दर वेळी स्टेशनाच्या अलीकडे तरी पडतो नाहीतर पलीकडे. एफएम बघावं तर याचा पट्टा जिथे सुरू होतो तिथे आपला संपत आलेला. संध्याकाळी एकच स्टेशन स्वच्छ लागलं, ते समुद्रापलीकडचं, कोरियन. बाई फार पोटतिडकीनं काहीतरी सांगत होती.

सासूबाईंना कोरियन येत नसे.

निनोमिया म्हणाला, हो रे, तिकडचं अंतर वेगळं असतं, मला माहीत होतं. मग आधी का नाही बोललास? तर म्हणे तू विचारलंस कुठे?

७ जुलै
खचून जायचं नाही. अमेरिकन बाद. इथलाच घ्यायचा, चौकोनी, सगळ्या आधुनिक गाड्यांत असतो तो. त्यासाठी डॅशबोर्डला थोडी जागा करावी लागेल. थोडी म्हणजे दोन भोकं आणि मधली फट यांचं मिळून एक भोक करायचं. पत्रा आहे, कापला जातो.

सानाएनं विचारलं, पट्टी घेऊन कुठे निघालात? म्हटलं वड्या मोजायला.

१९ जुलै
सासरे तपासणीसाठी पाच दिवस इस्पितळात. देवानंच संधी दिली. कटर आणला.

कापताना पत्रा असा काही किंचाळला की समोरची म्हातारी बाहेर आली. तिला जाऊन वड्यांचं पुडकं दिलं, आवाजाबद्दल माफी मागितली. मग दुसऱ्या बाजूच्यांना दिलं. मग मागच्या गल्लीत. परत येईपर्यंत कटर गार आणि मी गरम. दुसऱ्या कापाला कटर घसरला. डॅशबोर्डच्या वरच्या काळ्या गादीला चीर गेली, बोटभर. ती लपवायला भोक जरा वर वाढवलं. मग ते तिरकं दिसायला लागलं. म्हणून खालून सरळ केलं.

आता भोक मोठं झालंय. स्टिरिओ लावला की आरपार आत पडतो.

२० जुलै
काल रात्री झोप नाही. भोकातून हात घातला की हीटरची पेटी लागते. स्टिरिओ मागे जाईना म्हणून तिला जरा दाबलं. तिचा एक कोपरा आता चपटा आहे. हीटर कशाला हवा, ऑगस्टमध्ये?

डॅशबोर्डवर सुती कापड टाकलं, इंडिगोचं, सानाएच्या जुन्या उन्हाळी किमोनोचं, युकाताचं. छान दिसतं. मुद्दाम केल्यासारखं.

२४ जुलै
सासरे परत आले. ठणठणीत! कानही तपासले म्हणे. डॉक्टर म्हणाला, साठीच्या माणसासारखे आहेत.

डॉक्टर नवखा असणार.

म्हणाले, जावईबापू, चला, फेरी मारू. म्हटलं गाडीला विश्रांती हवी, उन्हाळा आहे. असं बघितलं माझ्याकडे! पाचावर धारण बसली.

३१ जुलै
वायरिंग. दिवसभर डॅशबोर्डखाली उताणा. लाल वायर लालला, काळी काळीला, पिवळी कशाला ते कागदावर होतं, कागद तेलात भिजला. निनोमिया म्हणाला, पिवळी सरळ बॅटरीला जोड. घड्याळ, मेमरी, सगळं तिच्यावर. जोडली. दिवे लागले! निळे! मी ओरडलोच. स्टिरिओला आधार म्हणून खाली पुठ्ठा घातला, बाजूला मोजे कोंबले. चार स्पीकरपैकी एक वाजला. एक तर एक.

सानाएनं अंगणातून हाक मारली, काय झालं? म्हटलं काही नाही. ती जवळ आली, कापड उचललं, बघितलं. कापड परत नीट पसरलं. मग एवढंच म्हणाली, बाबांना तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.

सांगतो ना. बोन झाल्यावर.

८ ऑगस्ट
सगळं तयार आहे. ठीक आहे, एक स्पीकर. ठीक आहे, गाडी ढकलून बघितली, वळवली की स्टिरिओ आत जातो आणि ब्रेक मारला की बाहेर येतो. सरळ रस्त्यानं गेलं तर उत्तम वाजेल. कबरीपर्यंतचा रस्ता सगळा वळणांचा आहे, हे खरं.

दर रात्री देवघरापुढे सासूबाईंच्या फोटोसमोर बसतो. सासूबाई, सांभाळून घ्या. तुम्ही हयात असताना तुमच्या हातचं लोणचं मी कधी ताटात टाकलं नाही. पाया पडतो तुमच्या.

१२ ऑगस्ट
सानाएनं काकडीचा घोडा आणि परतीच्या प्रवासाला वांग्याची गाय करून ठेवली. दर वर्षी करते, कुणी बसत नाही. घोडा माझ्याकडे बघतोय असं वाटतं.

उद्या. उद्या गाडी माझी.

१३ ऑगस्ट
सासरे चारपासूनच तयार. काळा सूट, हातात कंदील. सानाए मागच्या सीटवर फुलं घेऊन बसली. सासऱ्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातात दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा टक् सुद्धा नाही.

पिवळी वायर. दोन आठवडे रात्रंदिवस बॅटरी पीत बसली होती ती मेली. निळे दिवे लावून.

मी घाईघाईनं उतरायला गेलो, कोपर लागलं, कापड खाली. मोजे बाहेर. स्टिरिओ आत. सासऱ्यांनी वाकून भोकात बघितलं. त्यातून हीटरची चेपलेली पेटी, पुठ्ठा आणि माझ्या मोज्याची टाच दिसत होती. किती वेळ बघत होते कोण जाणे. मी बोलत होतो. काय बोलत होतो आठवत नाही. ब्लूटूथ हा शब्द तीन-चारदा आला असावा.

मग म्हणाले, जावईबापू, व्हॅन काढा. ती वाट बघत असेल.

दुकानाची व्हॅन. मासळीची. सासूबाईंना मासळीच्या व्हॅनमधून! रडू येत होतं. रस्ताभर तोंड वर केलं नाही. कंदील लावला, दार उघडलं, त्या बसल्या असं धरलं. परतताना वाटलं, निदान एवढं तरी करावं. व्हॅनचा रेडिओ उत्तम आहे. लावला. खणखणीत लागला, बंदरावरचा बोनितो माशाचा भाव.

सासऱ्यांनी हात पुढे करून बंद केला. म्हणाले, ती बोलतेय.

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. तर सानाए मागून म्हणाली, अहो, आईनंच वायर कापली होती त्या रेडिओची, मासळीच्या कात्रीनं. मी पोटात होते तेव्हा. सासरे हसले. म्हणाले, मात्सुयामाला निघालो होतो, मी सगळा रस्ता बेसबॉल ऐकला, हिच्याशी चकार शब्द नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर हिनं वायरच कापली. तेव्हापासून मी बटण फिरवलं की हिची बोलायची पाळी. चाळीसेक वर्षं ऐकलं मी तिचं, असं. अजून ऐकतो.

मला कुणी कधी का नाही सांगितलं? असं म्हणणार होतो. मग आठवलं, सानाए म्हणाली होती, विचारा.

१४ ऑगस्ट
सकाळपासून सासरे अंगणात. दुकानातल्या माशाच्या वडीखालची लाकडी पाटी घेतली, करवतीनं कापली, भोकाला लावून बघितली, पुन्हा कापली. मी मदतीला गेलो. म्हणाले, जावईबापू, लांब उभे राहा.

पाटीवर आमच्या दुकानाचा छाप आहे, ह्योदो. लाकडी फिनिश. मूळ कल्पना माझीही साधारण तीच होती.

१५ ऑगस्ट
सानाए निनोमियाकडून जुना रेडिओ घेऊन आली. त्यानं विचारलं म्हणे, बिलांवर आता काय ठेवू? तिनं चौकोनी स्टिरिओ दिला. बॅटरी शेजाऱ्यानं चार्ज करून दिली. सासऱ्यांनी पाटीला दोन भोकं पाडली, रेडिओ बसवला. कापलेली वायर होती तशीच सोडली.

संध्याकाळी कागद केले. गाडी सानाएच्या नावावर.

ठीकच आहे. घरातच राहिली.

१६ ऑगस्ट
सासूबाईंना परत पोचवायचं. सानाए चालवत होती. सासरे शेजारी. मी मागे. त्या गाडीची मागची सीट माणसांसाठी नाही, हे आज कळलं. गुडघे हनुवटीला, मांडीवर नैवेद्याचं कलिंगड.

सासऱ्यांनी बटण फिरवलं. मी म्हणालो, कधी मनात आलंच तर मागे दोन छोटे स्पीकर दडवता येतील, कुणाला दिसायचे नाहीत.

सासरे वळले. आणि नावानं हाक मारली. शुजी, म्हणाले. शुजी, गप्प बस. तुझी सासू बोलतेय.

गप्प बसलो. डोंगर चढेपर्यंत. संत्र्यांच्या बागा संपतात तिथल्या वळणावर मीही एकदा 'हं' म्हणालो. चुकून.