घुबडाआधी अ‍ॅडॉप्टर

रविवार, १९ जानेवारी
गणेशपुरीजवळ ठमाआत्याकडे जाऊन आलो. तिच्या शेताकडेला, ओढ्याच्या काठावर जुना आंबा आहे. त्याच्या ढोलीत घुबडाची जोडी राहते असं ती कित्येक वर्षं सांगते. आतेभाऊ केसरीनाथ म्हणजे तिचाच मुलगा. तो त्या जागी पाहुण्यांसाठी खोल्या बांधणार. होळी झाली की आंबा तोडणार.

आत्या म्हणाली, घुबडं हायत तवर झाडाला हात लावायचा न्हाय. केसरीनाथ म्हणाला, म्हातारीला भास होतात, मला तर कधी दिसलं नाही. (हा दिवसभर मोबाईलमध्ये. याला घुबड कसं दिसणार?) शेवटी म्हणाला, फोटो दाखवा, खोल्या विहिरीपलीकडे नेतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिवाळीत मी स्पॉटिंग स्कोप (पक्षी बघायची तिपाईवरची दुर्बीण) घेतलाय आणि ते सगळ्यांना माहीत आहे. कारण मीच सांगितलंय. स्कोपवर अ‍ॅडॉप्टरने मोबाईल बसवायचा, की शेताच्या दुसऱ्या टोकाचा पक्षी फोटोत. मी आत्याला शब्द दिला. किरकोळ काम आहे.

सोमवार, २० जानेवारी
संकल्प : आधी इक्विपमेंट, मग पक्षी. बाकीचे लोक इथेच चुकतात.

कामतघरसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत राहून लेन्स सांभाळणं सोपं नाही. लूमच्या कापसाचे तंतू खिडकीतून येतात. अ‍ॅडॉप्टरच्या रबरावर बारीक लोकर उगवली होती. ब्लोअर, ब्रश, मायक्रोफायबर कापड असा पूर्ण सेट मागवला. पूर्णा गावातल्या आमच्या गोडाऊनमधून (मी तिथे डिस्पॅच बघतो) फुटलेल्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या आणल्या. दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. घुबडाला धरत नाही. ते थांबू शकतं.

रविवार, २६ जानेवारी
आज जाणार होतो. पण हवाबंद डबा मिळाला नव्हता. सुकन्याच्या कपाटात एक सापडला, झाकण घट्ट. त्यात अ‍ॅडॉप्टर, रिमोट, सगळं व्यवस्थित बसवलं. सुकन्याने विचारलं, माझा चिवड्याचा डबा कुठाय? सांगितलं, तो आता ड्राय कॅबिनेट आहे. बायको या विषयात अजून नवीन आहे.

गुरुवार, ३० जानेवारी
ड्राय कॅबिनेटमध्ये मुंग्या. डब्याच्या कडेत जुना चिवडा राहिला होता, हा माझा दोष नाही. अ‍ॅडॉप्टरच्या स्क्रूमधून रांग चालली होती. मुंग्यांची पावडर टाकली. मुंग्या गेल्या.

शुक्रवार, ३१ जानेवारी
पावडर गेली नाही. स्क्रू फिरेना.

रविवार, ९ फेब्रुवारी
स्क्रूला शिलाई मशीनचं तेल दिलं. आता लोण्यासारखा फिरतो. गच्चीवर टेस्ट घेतली. समोरच्या टाकीवर खंड्या बसला होता, अप्रतिम पोज. मोबाईल बसवला, बटण दाबणार इतक्यात तेलामुळे क्लॅम्प सुटला आणि मोबाईल कठड्यावरून खाली शेजारच्या हौसामावशींच्या वाळवणात. पापड अजून ओलेच होते, त्यामुळे मोबाईलला काहीही झालं नाही. ही बाजू मावशींनी लक्षातच घेतली नाही. त्या म्हणाल्या, हरेश, पक्षी वर असतात रे, खाली काय शोधतोस?

आत्याचा फोन आला होता. आंब्यावर पिल्लाचा आवाज येतोय. म्हटलं, छान, पुढच्या रविवारी नक्की.

रविवार, १६ फेब्रुवारी
गेलो नाही. तेल पुसून स्क्रू या वेळी पकडीने आवळला. पक्का बसला. इतका पक्का, की मोबाईल अ‍ॅडॉप्टरमधून निघतच नाही. एका अर्थी सिस्टीम आता कायम रेडी आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
ऑफिसात दोन दिवस तसाच मोबाईल वापरतोय. कानाला लावला की अ‍ॅडॉप्टरची नळी मागे तोंड काढते. गेटवरच्या सिक्युरिटीने विचारलं, साहब, ये कॅमेरा है क्या, अंदर अलाउड नहीं है. त्याला डिजिस्कोपिंग, म्हणजे दुर्बिणीतून मोबाईलने फोटो काढणं, समजावलं. मागे कंटेनर खोळंबले. मॅनेजर भूपेश स्वतः खाली आले. तेही ऐकतील असं वाटलं होतं. ऐकलं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी
स्क्रू कापून मोबाईल सोडवला. क्लॅम्प बाद. नवीन अ‍ॅडॉप्टर ऑर्डर केला. जुन्याला निगा सहन झाली नाही, मटेरियल हलकं होतं.

आत्याचा पुन्हा फोन. केसरीनाथने झाड तोडणाऱ्याशी बोलणी केलीत. तिचा आवाज जरा बारीक वाटला. म्हणाली, तू येशील ना रं? रात्री नीट जेवण गेलं नाही.

बुधवार, ५ मार्च
पार्सल आलं. सुकन्या म्हणाली, उघडून बघ. मी नाही म्हटलं. उघडलं की तंतू आलेच. थेट साइटवर, सीलबंद अवस्थेतून पहिला वापर. यापेक्षा शुद्ध काही असू शकत नाही.

रविवार, ९ मार्च
सुकन्यासोबत पहाटेच्या एसटीने गणेशपुरी. आत्या बांधावर वाट बघत उभी. केसरीनाथही आला, हाताची घडी घालून. स्कोप लावला. आणि आहे. ढोलीच्या तोंडाशी हुमा घुबड, पिवळे डोळे, आणि त्याच्या पंखाखाली कापसाचा गोळा असावा तसं पिल्लू.

सील तोडलं. अ‍ॅडॉप्टर अतिशय स्वच्छ होता. फक्त स्कोपवर बसत नव्हता. तोंड मोठं, दुसऱ्याच मॉडेलचा.

सुकन्याने मोबाईल हातानेच स्कोपला धरून बघितला. काळोख आणि मधे पिवळा ठिपका आला. केसरीनाथ म्हणाला, हा तर बल्ब आहे.

मी अ‍ॅडॉप्टरमध्ये रुमाल कोंबायच्या प्रयत्नात होतो, तेवढ्यात आत्याने केसरीनाथचं मनगट धरलं आणि त्याला स्कोपपुढे वाकवलं. म्हणाली, फोटू ऱ्हाऊ दे, डोळा लाव.

त्याने डोळा लावला. बराच वेळ उठला नाही. मग हळू आवाजात म्हणाला, आये, ते माझ्याकडेच बघतंय. आत्या म्हणाली, मंग? तुझ्याच झाडावर हाय ना.

चहा पिताना त्याने सांगितलं, खोल्या विहिरीपलीकडे. तिकडे वाराही चांगला लागतो. आत्याने माझ्या ताटलीत आणखी एक भाकरी टाकली.

सोमवार, १० मार्च
एकंदर मोहीम यशस्वी. निरीक्षण : लेन्स स्वच्छ नसती तर केसरीनाथला पिल्लू दिसलंच नसतं. म्हणजे श्रेय निगेचंच.

रविवार, १६ मार्च
स्कोप तिकडेच आहे. पिल्लू उडेपर्यंत ऱ्हाऊ दे, असं आत्या म्हणाली होती. आज फोन केला, तर केसरीनाथने उचलला. म्हणाला, सकाळ-संध्याकाळ आम्हीच बघतो, गावातले लोकही रांग लावतात, परत न्यायची घाई करू नको. लेन्स कशाने पुसतोस, विचारलं. म्हणाला, धोतराने.

फोन ठेवला.

नंतर अ‍ॅडॉप्टर पुसायला घेतला. ब्लोअर, ब्रश, कापड, पूर्ण प्रोसेस. सुकन्याने विचारलं, हा आता बसवणार कशावर? म्हटलं, सध्या कशावरच नाही, म्हणून तर नव्यासारखा आहे.