फी वाढली नव्हती

आई, आज तुझ्या नातीला लातूरला कॉलेजात सोडून नांदेडला परत आले आणि घरात पाय ठेवल्यापासून एका जागी बसवत नाहीय. दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा उतू गेला. तुला जाऊन सतरा वर्षं झाली. तेव्हा ती तुझं बोट धरून नुकती चालायला लागली होती. इतक्या वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा धड बोलले नाही, कारण बोलायला बसले असते तर पुण्याहून परत आले त्या दिवसावर यावंच लागलं असतं.

तो दिवस तुलाही आठवत असेल. आपल्या लातूरच्या खानावळीत ट्यूशनच्या पोरांची पहिली पंगत उठलेली, उष्टी ताटं तशीच पडलेली, आणि मी बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. तू भाकरी थापतेयस. हात न थांबवता विचारतेस, "आलीस माय? सुट्ट्या लागल्या का?" मी म्हणते, "पुढल्या वर्षी फी वाढायलीय आई. आपल्याला झेपायची न्हाई." तू म्हणतेस, "किती?" आणि मी मुद्दाम असा आकडा सांगते की तो ऐकून तू कुणापुढं हात पसरायलासुद्धा जाऊ नयेस. तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि तिला पाणी लावायचं विसरलीस. कोरडी पडून तिला भेगा गेल्या, तरी तू बघत राहिलीस. मग एवढंच म्हणालीस, "हात धू. जेवून घे."

फी एका रुपयानंही वाढली नव्हती, आई. मला तिथं जमत नव्हतं, एवढंच खरं होतं. आर्किटेक्चरचं ते कॉलेज मीच हट्ट करून मिळवलं होतं, त्यासाठी तू दुपारचे पंचवीस डबे वाढवून घेतले होतेस. तिथले सर माझ्या टेबलाशी यायचे, इंग्रजीत काही विचारायचे, मी गप्प. पुढं पुढं ते विचारेनासे झाले, सरळ शेजारच्या मुलीच्या कागदाकडं वळायचे. संक्रांतीनंतर मी वर्गात गेलेच नाही. होस्टेलच्या खोलीत पडून राहायचे, तू पाठवलेल्या पैशांवर. परीक्षेलाही बसले नाही.

मला वाटलं होतं, चार दिवस जाऊ देऊ, मग सांगू. पण चार दिवसांत तू अख्ख्या गल्लीला सांगून मोकळी झालीस, "पोरगी लई हुशार व्हती, माझंच कमी पडलं." रेणापूरहून मामा आला, त्याला तेच. माझ्या लग्नात सासूबाईंना बाजूला घेऊन तेच. मी प्रत्येक वेळी तिथंच, हाताच्या अंतरावर उभी असायचे. तू माझ्यावर रागावलीस ती एकदाच. मी महिनोन् महिने घरात बसून होते तेव्हा तू म्हणालीस, "रेघा मारता येतेत ना तुला? मग जिथं रेघा मारायचे पैसे देतेत तिथं जा. अशी भिताडं बघत बसू नको." म्हणून मी आयटीआयला नकाशे काढायला शिकले. आज नांदेडात एका इंजिनिअरच्या ऑफिसात वीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढतेय. वाईट चाललं नाही माझं. हे तुला सांगायचं राहिलं.

तुझी नात माझ्या टेबलाखाली बसून कागदाची घरं करत मोठी झाली. तिलाही आर्किटेक्चरच करायचं होतं. बेंगळुरूच्या एका खाजगी कॉलेजचे फोटो तिनं दोन वर्षं मोबाईलवर जपून ठेवले होते, आणि या जूनमध्ये तिथं तिचा नंबर लागला. दुसरीकडं लातूरच्या कॉलेजातही लागत होता, तिथली फी आमच्या दोघांच्या पगारात बसण्यासारखी. बेंगळुरूला पाच वर्षांचं मिळून बावीस लाखांचं कर्ज काढावं लागणार होतं, आणि त्यासाठी घर गहाण. तुझा जावई एसटी डेपोत मेकॅनिक, तो म्हणाला, "काढू की. घर हाय कशासाठी मग?" बँकेतल्या साहेबांनी हसून फॉर्म पुढं केला. "हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो ताई, आत्ता टेन्शन घ्यायचं काही काम नाही. तुमची दोघांची सही तेवढी लागेल." मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी नीट वाचते म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी मेथी निवडत होते. ती समोर येऊन बसली. "आई, एक विचारू? आजीकडं पैसे असते तर तू तुझं पूर्ण केलं असतंस ना?" आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट तीच होती, तू सांगितलेली. मी मान हलवली असती की विषय संपला असता. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "पैसे होते. मीच घाबरून पळून आले." मग सगळंच सांगितलं, सरांचं, होस्टेलचं, त्या आकड्याचं. ती रागावली नाही. बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत बसली. मग म्हणाली, "म्हणजे तुला नाही जमलं तेव्हा तू परत येऊ शकलीस. मला नाही येता येणार. कर्ज तर फेडावंच लागेल ना."

दुसऱ्या दिवशी तिनं कुठून तरी त्या कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या एका मुलीचा नंबर मिळवला आणि माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. ती मुलगी मोकळेपणानं बोलली. "कॉलेज भारीच आहे गं, त्यात वाद नाही. मी तिथं जे शिकले ते दुसरीकडं नसते शिकले. पण ही नोकरी मला वर्षभरापासून सोडायचीय, आणि हप्त्यामुळं सोडता येत नाही." तुझ्या नातीनं तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी वडिलांच्या ताटात पोळी वाढता वाढता म्हणाली, "लातूर." तो जेवायचा थांबला. "आगं, मी सही करायलोय ना? घाबरू नको." ती म्हणाली, "घाबरले नाही पप्पा. ते कॉलेज मला अजूनही आवडतं. पण पुढं मला जे करावंसं वाटेल ते करायला मोकळं राहायचंय." मोबाईलवरचे ते फोटो मात्र तिनं काढून टाकलेले नाहीत, मी पाहिलंय.

आज होस्टेलच्या फाटकाशी ती हसत उभी होती. मला ते हसणं नीट वाचता आलं नाही, आणि बसमध्ये चाकूर मागं पडलं तरी तेच डोक्यात होतं. तिनं नीट विचार केला की मी तिच्यात माझी भीती घातली? हुशार आहे ती, माझ्यापेक्षा धीट. तिला तिथं जमलंही असतं. तुला माझ्याबद्दल असंच वाटलं असेल, म्हणून तर तू डबे वाढवलेस.

तुला लिहिलेले हे कागद मी ऑफिसच्या कपाटात, मंजूर न झालेल्या नकाशांमध्ये ठेवणार आहे. तिथं कुणी हात लावत नाही. फक्त एक राहिलं. त्या सकाळी ती "लातूर" म्हणाली तेव्हा मी तोंड फिरवून ओट्याकडं गेले. तिनं मागून येऊन मला मिठी मारली, म्हणाली, "रडू नको आई, मला काही वाईट वाटत नाही." तिला वाटलं, तिचं स्वप्न मोडलं म्हणून मी रडतेय. मला सुटल्यासारखं झालं होतं गं. आणि तेही मी तिला अजून सांगितलेलं नाही.