बर्फाच्या कारखान्याचं दार

प्रिय ताई,

आधी एवढं वाच: कारखाना उभा आहे. एक वीटसुद्धा हललेली नाही. आता जरा बस आणि मग पुढचं वाच, कारण पुढे तू चिडणार आहेस.

बाबांचा बर्फाचा कारखाना पाडायचा अर्ज मी सहा महिन्यांपूर्वी नगरपालिकेत देऊन आलो होतो. तुला न विचारता. फोनवर तू म्हणाली होतीस, जरा थांब, मी आले की बोलू. पण मला थांबता येत असतं तर लहानपणापासून तू मला उतावळ्या कशाला म्हणाली असतीस? शेजारच्या दुकानदाराला गाड्या लावायला जागा हवी होती, पाडकाम करणारा माणूस हातावर हात ठेवून बसला होता, आणि मला तर ती बंद पडलेली वास्तू डोळ्यांसमोर नकोच होती. म्हटलं, आठवड्याभरात जमीन सपाट करू, म्हणजे तू येशील तेव्हा बोलायला काही उरणारच नाही. इतका नालायक विचार मी केला, आणि वर खुशीत शीळ घालत नगरपालिकेत गेलो.

खिडकीपलीकडच्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. सगळं नीट होतं, दोन्ही मालकांच्या सह्यांसकट. मग त्यांनी सहज विचारलं, कारखाना केव्हाचा? मी फुशारकीने सांगितलं, आजोबांनी बांधलेला आहे, ऐंशी वर्षं झाली. झालं! आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. इथला नियम असा की साठ वर्षांवरची इमारत पाडायची तर सहा महिने थांबायचं. पाडू नका असं तो नियम म्हणत नाही, नुसतं थांबा म्हणतो. तेवढ्यात ती वाचवायची वाट कुणाला सापडली तर सापडली. तोवर दारावर मोठ्या अक्षरांत नोटीस लावायची आणि दर शनिवारी येईल त्याला इमारत आतून दाखवायची. मी त्या बाईंशी इतका भांडलो की शिपायाने मला पाणी आणून दिलं. घरी येऊन मी त्यांचं नाव थांबाबाई ठेवलं.

मग काय, दर शनिवारी किल्ली घेऊन पायरीवर बसायची शिक्षा. लोक यायचे, भिंतीवर हात फिरवायचे, जायचे. एक म्हाताऱ्या नर्सबाई आल्या होत्या. एका उन्हाळ्यात तापाची साथ आली तेव्हा बाबा कुणी न सांगता रोज पहाटे दवाखान्यात बर्फाच्या लाद्या पोचवायचे म्हणे. तुला माहीत होतं हे? मला नव्हतं. बाबा कधी बोललेच नाहीत.

चौथ्या महिन्यात एक उंच, किडकिडीत माणूस आला. तो मुलांना ड्रम वाजवायला शिकवतो, आणि त्या आवाजापायी तीन घरमालकांनी त्याला बाहेर काढलेलं. भिंती किती जाड आहेत, एवढंच त्याने विचारलं. मी सांगितलं, दोन फूट, आणि मधे लाकडाचा भुसा भरलेला. त्याचे डोळे चमकले. बाहेरच्या टेम्पोतून त्याने ड्रम काढले, बर्फ साठवायच्या थंड खोलीत नेऊन मांडले आणि मला म्हणाला, दार लावून घ्या आणि बाहेर उभे राहा.

मी दार लावलं. काहीच ऐकू येईना. मला वाटलं, अजून सुरुवात केली नसेल. पाच मिनिटं वाट पाहून वैतागलो आणि दार ओढलं, तर आत हा बहाद्दर घामाघूम होऊन कानठळ्या बसतील असं बडवत होता! ताई, मी दार पुन्हा लावलं, तर पुन्हा सगळं चिडीचूप. मी तिथेच पायरीवर मटकन बसलो.

तू नऊ वर्षांची होतीस, मी सात. तू त्याच खोलीत गेलीस, मी गंमत म्हणून बाहेरून कडी घातली आणि गोट्या खेळायला पळालो. विसरूनच गेलो. बाबांनी तुला बाहेर काढलं तेव्हा तुझे ओठ निळे पडले होते, आणि तरी तू सांगितलंस की दार आपोआप लागलं. मी इतकी वर्षं मनाची समजूत घालत आलो की ताईचा आवाज आला नाही, म्हणजे ती काही फार घाबरली नसणार. तू ओरडली होतीस ना गं? घसा फुटेपर्यंत ओरडली असशील. मला तो कारखाना डोळ्यांसमोर का नको होता, ते त्या पायरीवर मला कळलं. पहिल्याच आठवड्यात पाडला असता तर ते कधीच कळलं नसतं. देव त्या थांबाबाईंचं भलं करो!

आता तो ड्रमवाला जागा घ्यायला तयार आहे, तू हो म्हणालीस तर. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण ते त्याचं नेहमीचंच. दाराची बाहेरची कडी मी स्वतः उपटून काढली आहे, आणि आतून उघडणारी मूठ बसवली आहे. त्या दिवसापासून मला शांत झोप लागते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. अर्जावर दोन सह्या होत्या, असं मी वर लिहिलं. तुझी सही मी केली होती. शाळेत ग्रंथालयाच्या चिठ्ठ्यांवर तुझ्या सांगण्यावरून करायचो, अगदी तशीच, शेवटच्या शेपटीसकट. या वेळी मात्र तू सांगितलं नव्हतंस. दुसऱ्यांदा बाहेरून कडी घातली मी. काल थांबाबाईंपुढे हे कबूल केलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, बहिणीला सांगितलंत का? मग अर्ज मागे घ्यायचा कागद पुढे सरकवला. त्यावर मी माझी सही केली. शेजारची जागा रिकामी आहे, आणि ती सही तू स्वतः येऊन त्यांच्या डोळ्यांदेखत करायची आहे. रागावून ये, बोलू नकोस, वाटलं तर एक थोबाडीत दे, पण ये. घाई करू नकोस. मी थांबतो.

तुझाच,
उतावळ्या