पळसाच्या पानांचा सुकाणी

मंगळवार, २ सप्टेंबर २०२५. सकाळी ११.२०

याच वेळी माझ्या पणजोबांना पळपुटा म्हटलेलं मी वाचलं. तेही काचेच्या चौकटीत, दिव्याखाली.

इथे सिंगापुरात, तांजोंग पगारच्या एका जुन्या शॉपहाउसमध्ये बुडालेल्या बोटींचं प्रदर्शन लागलंय. जाहिरातीत 'लेडी हार्कोर्ट' हे नाव दिसलं म्हणून मुद्दाम गेले. १८९३ साली सिंगापूरच्या वाटेवर खडकावर फुटलेली आगबोट. मालवणचे बाबाजी मयेकर तिच्यावर सुकाणी होते. ते सुकाणू न सोडता बुडाले, हे आम्हा मयेकरांना पाढ्यांच्या आधी शिकवलं जायचं. आजोबा शिकवायचे – त्यांचेच वडील ते.

आणि इथे फलकावर काय? 'देशी सुकाणी बाबाजी पहिल्याच होडीतून पळाला.' शेजारी कप्तानाचा फोटो, मिशांसकट.

काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, ही बदनामी आहे. ती म्हणाली, "आंटी, फीडबॅक फॉर्म भरा, कॅन?"

कॅनॉट. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला तक्रार लिहायला शिकवलंय, पाच हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांतला एक निवडायला नाही.

३ सप्टेंबर

पत्र पाठवलं. कप्तानाचं म्हणणं हेच सत्य, हे कुणी ठरवलं? आणि बुडालेला माणूस पळतो कसा?

ऋताने ऑफिसला निघता निघता वाचलं. "आई, तो क्युरेटर नोकरी सोडेल."

सोडू दे. मुलींना आईची भीती उरली नाही, निदान क्युरेटरला तरी वाटू दे.

५ सप्टेंबर

उत्तर आलं. आभारच आभार. पण शेवटी एक ओळ – याच फलकाबद्दल आणखी एका बाईंनी तक्रार केली आहे, त्यांना तुम्हाला भेटायचं आहे.

आणखी एक? बाबाजींसाठी भांडणारी माझ्याशिवाय दुसरी कोण या शहरात? दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. आमटी करपली.

८ सप्टेंबर

पाया लेबारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत भेटलो. निवृत्त शिक्षिका, इथल्याच कॉन्व्हेंटची. ताठ पाठ, गळ्यात क्रॉस, कॉफी तीन वेळा परत पाठवली. मला आवडली. हात पुढे करून म्हणाली, "फिलोमिना बाबाजी."

मी बघतच राहिले. इथे बापाचं नाव पुढे आडनाव होतं, हे ठाऊक आहे मला. तरीही.

"माझे आजोबा पळाले नाहीत," ती म्हणाली.

"तुमचे आजोबा? ते माझे पणजोबा. ते तर बुडाले."

"माझ्या वडिलांना पोहायला कुणी शिकवलं मग?"

तिच्या घरची हकिगत अशी: मेटने, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने, हुकूम दिला म्हणून बाबाजींनी बायकामुलांची होडी वल्हवत किनाऱ्याला आणली. सिंगापुरात चौकशी बसली, तेव्हा रोज कोर्टाच्या पायरीवर जाऊन बसायचे. आत बोलावलं ते कप्तानाला. "पळालेला माणूस कोर्टाच्या पायरीवर जाऊन बसेल?" फिलोमिना टेबलावर बोट आपटत म्हणाली. पुढे कुठल्याच बोटीने त्यांना घेतलं नाही. घरी निरोप पाठवले. ते पोचले की नाही, कुणास ठाऊक. शेवटी गोदीत हमाली करून भाडं जमवलं आणि मालवणला गेले. १९०६ साली.

"धक्क्यावरच त्यांना सांगितलं, तुम्हाला जाळून झालंय. पानांत जाळलं, म्हणे. आजोबा त्याच बोटीने परत आले. मग इथे लग्न केलं. डॅडींना ती पानं कधी कळली नाहीत. पानं म्हणजे काय?"

मला ठाऊक होतं. परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायची. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी द्यायचा. पालाशविधी. त्या दिवशी पणजीने कुंकू पुसलं. हे सगळं मी त्या गोंगाटात, तिच्या कॉफीकडे बघत, इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीत ते फार भयंकर वाटतं.

तिने कॉफी बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हणजे परत आलेला माणूस भूत."

आता तिची गोष्ट खरी की आमची? दोन्ही घरच्याच. पण पोहायला शिकवणारा माणूस बुडालेला नसतो, एवढं तर्कशास्त्र मलाही येतं.

१० सप्टेंबर

हिशेब लावला. फिलोमिना नात्याने माझी आत्या लागते, वयाने दोन वर्षांनी लहान. फोन करून सांगितलं.

"म्हणजे तू माझ्या पाया पडायचं, लाह?"

१२ सप्टेंबर

पुण्याला धाकट्या भावाला, चंद्रशेखरला फोन. दर सर्वपित्रीला बाबाजींचं पान तोच वाढतो, तिथी माहीत नाही म्हणून. म्हटलं, आपले पणजोबा इथे १९३१ पर्यंत जिवंत होते.

त्याला आश्चर्यच वाटलं नाही.

"ताई, ते परत आले होते, मला माहीत आहे. बाबांनी सांगितलं होतं."

"मला का नाही?"

"तू लगेच पत्रं लिहीत सुटली असतीस."

"धक्क्यावर त्यांना परत कुणी पाठवलं?"

"नंतर बोलू," म्हणाला. फोन बंद.

मी क्युरेटरवर भुंकत होते, आणि आमच्याच घरात कुलूप.

१४ सप्टेंबर

प्रदर्शनवाल्यांचं पत्र. 'पळाला' काढतायत. 'बाबाजींची साक्ष घेतली गेली नाही' असं लिहिणार. जिंकले म्हणायचं. फिलोमिनाने केक आणला. तिने विचारलं, धक्क्यावर कोण होतं, कळलं का? म्हटलं, विचारतेय.

सोमवार, १५ सप्टेंबर

चंद्रशेखरचा फोन आला. धक्क्यावर आजोबा होते. चौदा वर्षांचे. "माझे वडील वारले," असं त्यांनीच त्या माणसाच्या तोंडावर सांगितलं.

चंद्रशेखरला लिहिलं: हे सगळं तुझ्या सहीने लिहून पाठव, फिलोमिनाला मी तोंडाने सांगू शकत नाही. आणि रविवारी तुझ्याकडे सर्वपित्रीला बाबाजींची नात पानाला बसेल की दाराबाहेर राहील, तेही लिही. गुरुवार, १८ सप्टेंबर, दुपारी बाराच्या आत. लेखी. नुसता अंगठा पाठवू नकोस.