कांद्याची मुळं

३ एप्रिल
सोलापूर आवडलं. प्रयोगशाळेजवळच, ओढ्याकाठच्या वस्तीत खोली मिळाली. घरमालकीण शांतम्मा मुलाशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत बोलतात. आल्याआल्या कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. सून काव्याला पाचवा महिना आहे. याआधी दोनदा पोट पडलं, असं तिनं भांडी लावता लावता सांगितलं.

६ एप्रिल
काम सोपं आहे. ओढ्याचा गाळ पाण्यात कालवायचा, ते पाणी नळीत भरून वर कांदा ठेवायचा. मुळं फुटली की टोकं ठेचून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पेशी दुभंगताना गुणसूत्रं तुटलेली दिसली, तर गाळात विष. काव्यानं हौसेनं घरच्या बोअरचंही पाणी बाटलीत भरून दिलं.

१० एप्रिल
गाळातली मुळं आखूड, तपकिरी. आत गुणसूत्रांचे तुकडे. अपेक्षितच होतं. शुद्ध पाण्यातला कांदा निरोगी. मग काव्याच्या पाण्यातला बघितला.
पुन्हा बघितला. तेच तुकडे.

१५ एप्रिल
नवे कांदे लावले. तेच. प्रयोगशाळेचे प्रमुख दिग्विजय सर म्हणाले, अहवाल वर पाठवू, तोवर वस्तीत बोलू नका. कांदा म्हणजे माणूस नव्हे, असंही म्हणाले. तरी मी शांतम्मांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग काय प्यायचं? नळाला पाणी येतंय कुटं?"

१८ एप्रिल
काव्यासाठी पाण्याचे जार घेते. ती तेवढंच पिते.

२२ एप्रिल
जारच्या पाण्यावरही कांदा लावला होता. तुकडे. जारवाला हरिबा म्हणाला, पुढच्याच गल्लीतल्या बोअरवर भरतो की.
काव्याला सांगावं लागलं. ती रडली नाही. पोटावर हात ठेवून म्हणाली, "ताई, ह्याच्यासाठी लावता येतो का हो कांदा?"

२५ एप्रिल
काव्याची सोनोग्राफी. डॉक्टर शांतम्मांना बाजूला घेऊन बोलले. वाढ नीट दिसत नाही — पुन्हा बघू म्हणाले.
प्रयोगशाळेला कुलूप. सर फोन उचलत नाहीत.

२६ एप्रिल
काव्यानं सकाळपासून पाणी घेतलं नाही. ऊन मरणाचं. ओठ फुटलेत. स्टँडवरून सीलबंद बाटली आणली. तिनं विचारलं, यावर कांदा लावला का —

दुपार
शांतम्मा म्हणतात, तू दे, तुझ्या हातचं पिईल. बाटली तांब्यात ओतली. स्वच्छ दिसतंय. बोअरचंही स्वच्छच दिसायचं —
ती विचारतेय, चांगलं हाय ना ताई. माझ्या तोंडाकडं बघतेय. मी हो म्हटलं तर ती —