तिचं काम मी सांगायचं होतं

३ फेब्रुवारी १९७४, रविवार
काल हिरेमठ सरांनी माझा लाल रंग बेसिनमध्ये ओतला, तिथंच सगळं फिरलं. पावसाळ्यापासूनचं काम. कुठला रंग सुतावर टिकतो, कुठला धुण्यात जातो. सर एवढंच म्हणाले, "पवार, डिस्टिल्ड वॉटरनं सूत रंगवणारा सोलापुरातला एक कारखाना दाखव. विहिरीचं पाणी घे अन् पहिल्यापासून कर." सगळी पोरं बघत होती. बीकर आपटला. म्हणालो, तुमचं संशोधनही नको, कॉलेजही नको.
अनसूया शेजारीच, या कामातली माझी जोडीदार. तिनं काहीतरी बोलावं म्हणून बघितलं. म्हणाली, "सरांचं बरोबर आहे की."
हे जास्त लागलं.

६ फेब्रु., बुध.
कॉलेजातून नाव काढलं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, अर्ध्यात. क्लार्क म्हणाला, परीक्षेपर्यंत थांब की बाबा. नाही थांबलो. घरी मंगळवेढ्याला अण्णांना कळवलेलं नाही.
ट्रान्स्पोर्टच्या गोदामात लागलो. चादरींच्या गठ्ठ्यांवर शाईनं गावांची नावं घालायची. दिवसभर नागपूर, हुबळी, इंदूर. गठ्ठे जातात, मी तिथंच. हात काळे.
अ. दिसली नाही. दिसणार कुठं म्हणा.

१० फेब्रु., रवि.
कपडे धुतले. खोलीमागच्या विहिरीचं जड पाणी. साबण झिजला, फेस येईना. जन्मभर असल्याच पाण्यात चड्ड्या धुतल्या, अन् लॅबमध्ये गेल्यावर एकदाही डोक्यात आलं नाही.
बादलीकडं बघत बसलो. इस्माईल दारातून, "क्या मजनू, बालटी में उसका मूं दिखरा क्या?" खोलीतला जोडीदार, इतिहासवाला, सरांच्याच गटातला. ओला टॉवेल फेकून मारला.
सरांचं बरोबर होतं. त्यांना जाऊन सांगणार नाही.

१६ फेब्रु., शनि.
आज सगळे सरांच्या व्हरांड्यात बसले असतील. एक सायन्सचा, एक आर्ट्सचा, अशा जोड्या. सरांची रीत अशी की शेवटी, म्हणजे २४ ला, हॉलमध्ये लोकांसमोर आपलं काम आपण सांगायचं नाही, जोडीदाराचं सांगायचं. "आपलं आपण सांगितलं की वकिली होते." इस्माईल त्याच्या गणितवाल्याचं काहीतरी आंघोळीतही घोकतोय.
माझी जोडी अनसूया, बी.ए.चं शेवटचं वर्ष. तिनं माझे रंग सांगायचे, मी तिच्या बायका. म्हणजे विणकरांच्या घरातल्या. मागावर पुरुष बसतो, पण मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या बायका भरतात, उजाडल्यापासून, मूल मांडीवर घेऊन. विचारलं तर म्हणतात, आम्ही कुठं काम करतो, घरीच असतो. नवराही तेच सांगतो. अनसूयाच्या घरीही तेच, आई कांड्या भरते, वडील, नाना, मागावर. ती गल्लीगल्लीनं हेच विचारत फिरली, मी सायकल धरून मागं. बायका तेलुगूत बोलायच्या, मला एक अक्षर कळायचं नाही. बाहेर आली की ती सगळं सांगायची. सांगताना तिचे हात कांडी भरल्यासारखे फिरायचे. वाटायचं, हे माझ्यासाठी आहे.
असेलही.

१९ फेब्रु., मंगळ.
ती गोदामात आली. हमाल काम सोडून बघायला लागले. गठ्ठ्यावर सुताची लाल लडी ठेवली.
"तुमचा रंग. आमच्या विहिरीच्या पाण्यात केला. धुतल्यावर निम्मा गेला."
माझं राहिलेलं काम तिनं केलं. रसायनशास्त्राशी काही संबंध नसताना, सरांना विचारत विचारत.
"रविवारी तुमचं मी सांगणार. माझं कोण सांगणार?"
"इस्माईलला सांगा की."
"तो आमच्या एका तरी घरी आलाय का?"
"मग तुम्हीच सांगा."
"सरांनी नानांना बोलावलंय. मी बोलले तर ते म्हणतील, पोरगी आईचं गाऱ्हाणं चारचौघांत मांडतीय. दुसऱ्यानं सांगितलं तर ऐकतील."
मग खाली बघून बाकीचं. भिवंडीचा मुलगा बघितलाय. नाना म्हणालेत, रविवारी ऐकतो, काही दम असला तर पुण्याला एम.ए.ला पाठवतो.
म्हणजे बोललो तर पुणे. नाही बोललो तर भिवंडी. दोन्हीकडं मी कुठंच नाही.
म्हणालो, "मी कॉलेज सोडलंय."
"मग नको येऊस तू." गेली.
पहिल्यांदाच 'तू'. तेही असं.

२३ फेब्रु., शनि.
अंग ठणकतंय. अण्णा एस.टी.नं आले, ज्वारीचं पीठ घेऊन. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंच. ओरडतील म्हणून तयारीत होतो.
"कालेज सोडलंस म्हणं?"
"व्हय."
"दमलाईस?"
"व्हय."
"मग झोप की जरा."
एवढंच. दुपारच्या गाडीनं परत गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.
इस्माईल म्हणतो, "तेरे रंग की इज्जत तो वो रख लेगी. उसकी कौन रखेगा, बोल."
भांडी घासताना तोंडात तिचंच सुरू झालं. 'या घरांत काम कोण करतं असं विचारलं तर...' तिथून शेवटपर्यंत. कुठं अडलो नाही. माझे स्वतःचे रंग मात्र धड आठवेनात.

२४ फेब्रु., रवि.
हाताची शाई जाईना. पांढरा शर्ट इस्माईल घालून गेला. निळा घातला.
सरांना काय म्हणायचं? माफी मागायला जमायचं नाही. दारातच म्हणाले, तू आता कॉलेजचा नाहीस, तर? तर परत.
आत घेतलं तर नानांकडं बघून बोलायचं. तिच्याकडं बघितलं, तिचं पुण्याला जाणं आठवलं, तर मुद्दाम चुकेन. दोन ठिकाणी अडखळलं, आवाज पाडला, की झालं. कुणाला कळणार नाही. तिला कळेल.
चुकलो तरी मला काय मिळणार आहे? ती भिवंडीला जाणार.
अजून ठरत नाही. हॉलपर्यंत चालत जायचंय, तेवढा वेळ आहे.
लडी खिशात घातली. वही इथंच ठेवतो. निघालो. दार ओढून घेतो.