एकशे बेचाळीस नकला, एक अस्सल

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त वीजमीटर-तपासनीस, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो आहे. कोणाच्या दडपणाखाली नाही, कोणाच्या भिडेखातर नाही. दडपण आणायला घरात दुसरं माणूस लागतं, ते इथे नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वकीलबाईंनी एक मसुदा टाइप करून दिला होता, पण तो वाचताना मेला तो भलताच कोणीतरी असं वाटत राहिलं. म्हणून माझ्या हाताने पुन्हा लिहितो. कायद्याचे शब्द आठवतील तिथे घालीन.

कलम १. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला तपासून माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. कानांबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही, ते मी लिहितो. डाव्या कानाने जवळजवळ काही येत नाही. उजव्याने खालचे, जाड आवाज येतात, वरचे बारीक येत नाहीत. पुढे याचं काम पडणार आहे.

कलम २. माझं राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकाचा कोपरा व माळा, माझ्या स्वकमाईचं असून त्यावर कोणाचा हक्क, बोजा वा कर्ज नाही. ते माझ्या धाकट्या भावाच्या मुलीस, माझ्या पुतणीस मिळावं. बँकेत उरेल तेही तिचंच. ती दर रविवारी अकराला फोन करून "काका, जेवलात का?" असं विचारते आणि मी जेवलो नसलो तरी जेवलो म्हणतो. हे आता तिला कळलं तरी हरकत नाही. मागच्या खोलीच्या खिडकीची कडी आधी वर उचलून मग ओढावी, नाहीतर ती हातात येते.

मला बायकामुलं नाहीत. एकदा लग्न ठरत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "ऑफिस सुटल्यावर काय करता?" मी खरं ते सांगितलं, यंत्रांच्या बंद डब्या उघडून आत काय आहे ते बघतो. त्यांनी चहा पूर्ण पिऊन निरोप घेतला, एवढं त्यांचं सौजन्य.

कलम ३. ऑफिस सुटल्यावर मी काय करतो हे इथे लिहिणं भाग आहे, नाहीतर मागची खोली उघडणाऱ्याला मी बॉम्ब बनवत होतो असं वाटेल. गिटार वाजवणारे लोक गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये एक लहान धातूची डबी जमिनीवर ठेवतात. तिचं बटण पायाने दाबलं की आवाज खरखरीत होतो, घुमतो किंवा लांबतो. तिला पेडल म्हणतात. कारखान्यात बनणारी पेडलं पुष्कळ आहेत. पण काही कारागीर आपल्या घरात, आपल्या हाताने मोजकीच पेडलं बनवतात आणि त्यांच्यासाठी लोक वर्षभर रांगेत थांबतात. मी अशा पेडलांच्या नकला बनवतो. मला स्वतःला गिटार वाजवता येत नाही. सरळ सा-रे-ग-मसुद्धा येत नाही.

एकूण नकला एकशे बेचाळीस. प्रत्येकीच्या तळाला क्रमांक आणि 'नक्कल' हा शब्द मी कोरला आहे. दुसऱ्याच्या नावाने यांतली एकही कोणाला दिलेली नाही.

कलम ४. हत्यारं, म्हणजे डाख द्यायचं सोल्डरिंग-आयर्न, त्याची चार टोकं, हातड्रिल, कानशी आणि भिंगाचा दिवा, खालच्या मजल्यावरच्या प्लंबरला द्यावीत. तोही डाख देतो, पण नळाला. माझं काम बघून तो म्हणाला होता, "काका, एवढ्याशा डाखेनं काय थांबणार? पाणी गळेल की." माझ्याकडे पाणी नसतं हे मी त्याला अकरा वर्षं सांगतो आहे. दोनदा मी आजारी पडलो तेव्हा दार वाजवणारा तोच होता. भिंगाच्या दिव्याची तार नवीन आहे.

कलम ५. चौसष्ट खणांचं कपाट, आतल्या सुट्या भागांसह, बाजारातल्या सुट्या भागांच्या दुकानदारास मिळावं. सतराव्या खणात त्यानेच मला अस्सल म्हणून विकलेले बनावट ट्रान्झिस्टर, म्हणजे आवाज वाढवणारे तीन पायांचे दाण्याएवढे भाग, आहेत. मी ते वेगळे ठेवले आहेत. ते त्याने ओळखून दाखवावेत. ओळखता आले तर बाकीचे त्रेसष्ट खण त्याला मनापासून दिले, नाही आले तरी दिले, पण मग मनापासून नाही.

कलम ६. आमच्या ऑफिसात एक सहकारी होता. साहेब खोलीत आले की हा उठून पंखा लावायचा, म्हणून आम्ही त्याला 'पंखा' म्हणायचो. न तपासता मीटर पास करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि बढती त्यालाच मिळाली. मी एकतीस वर्षांत एकही मीटर न तपासता पुढे सोडलं नाही. सकाळी आठ ते चार, एकेक मीटर टेबलावर घ्यायचं, पंधरा मिनिटं चालवायचं, खरं बोलतं का बघायचं. ह्या पंख्यास माझा तपासणीचा शिक्का द्यावा. तपासून मारलेला शिक्का त्याला माहीतच नाही, नवा वाटेल.

कलम ७. नकला आणि सर्किटांच्या नऊ वह्या, संगणकावर ज्या मंडळींशी मी बोलतो त्यांच्यापैकी 'टिनटोपी' या नावाच्या माणसास पाठवाव्यात. पत्ता पहिल्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. तिथे मला 'मीटरमामा' म्हणतात. टिनटोपी दर आठवड्याला लिहितो. तो बाई की बुवा, वय काय, मला माहीत नाही. माझ्या वाढदिवसाला शुभेच्छा देणारा माणूस पुतणी सोडून तोच. त्याच्याकडचा दिवस खोटा आहे, तिथे नाव नोंदवताना सुचेल ती तारीख मी टाकली होती. मी लिहायचा थांबलो की त्याला कळवावं, नाहीतर तो वाट बघेल.

कलम ८. आता भाऊ.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तो गिटार वाजवायचा, पोटापाण्यासाठी वाजवायचा आणि चांगली वाजवायचा. त्याच्याकडे एक पेडल होतं, एका म्हाताऱ्या कारागिराने बनवलेलं. त्याच्या सुराच्या शेवटी एक बारीक थरथर यायची. लोक त्याला त्या थरथरीवरून ओळखायचे. सतरा वर्षांपूर्वी त्या पेडलाचं बटण अडकू लागलं. तो दौऱ्यावर निघाला होता, म्हणून माझ्याकडे ठेवून गेला. जाताना पेडलाशिवाय कोरी गिटार वाजवून एक टेप भरून दिली, अकरा मिनिटांची. म्हणाला, "बटण बदललंस की ही टेप त्यातून सोडून बघ."

बटण बदलायला मला दहा मिनिटं लागली. पण उघडल्यावर आत काळी राळ दिसली. आपलं सर्किट कोणी उतरवून घेऊ नये म्हणून काही कारागीर त्यावर राळ ओततात. ती घट्ट होते, आत काय आहे दिसत नाही. मी जन्मभर बंद डब्या उघडत आलेला माणूस. चार दिवस गरम हवेने राळ मऊ करत, दातांच्या डॉक्टरच्या आकड्याने खरवडत होतो. आत दोन जुने ट्रान्झिस्टर निघाले, त्यांच्यावरचे छापील क्रमांक घासून टाकलेले. ह्या जुन्या जातीत एकासारखा दुसरा नसतो, एका दिवशी एका कारखान्यातून निघालेले दोघेही वेगळे बोलतात. त्यातल्या एकाचा पाय माझ्या आकड्याने मुळातून तुटला.

मी तसंच दुसरं सर्किट बनवलं. मिळाले ते ट्रान्झिस्टर घातले, वर काळी राळ ओतली, मूळच्या डबीत बसवून भावाच्या हाती दिलं. ती माझी पहिली नक्कल. तिच्यावर क्रमांक नाही.

त्याने दोन सूर वाजवले आणि म्हणाला, "दादा, हे माझं नाही."

"तुझंच आहे. फक्त बटण बदललंय."

"वरचं ते थरथरणं नाहीये यात."

मी त्याला आवाजाची लहर दाखवणाऱ्या मशीनकडे नेलं. पडद्यावरची हिरवी रेघ दाखवली. म्हणालो, "बघ, कुठे काही कमी आहे? मशीन खोटं बोलतं का? तुझे कान गेलेत, स्टेजवर उभं राहून राहून."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. लहानपणापासून विजेच्या बाबतीत दादा चुकत नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. कानाच्या डॉक्टरकडे गेला, त्यांना काही सापडलं नाही, त्याने तो जास्तच घाबरला. मग वाजवताना शेजारच्याला विचारू लागला, "बरोबर लागतंय ना?" गिटारवाल्याने असं विचारायला लागल्यावर त्याला बोलावणं कमी होतं. दोन वर्षांत त्याने गिटारी देऊन टाकल्या आणि रंगाच्या दुकानात रंग मिसळायच्या कामाला लागला. मला म्हणाला, "डोळ्यांवर तरी भरवसा आहे." आम्ही भांडलो नाही. मी त्याच्याकडे जायचा बंद झालो, एवढंच. त्याला वाटलं, त्याने वाजवणं सोडलं म्हणून मी रागावलो.

त्यानंतरच्या एकशे बेचाळीस नकला म्हणजे ती थरथर परत मिळवायचे माझे प्रयत्न. प्रत्येकीतून मी भावाची तीच टेप सोडली. टेपच्या सुरुवातीला तो विचारतो, "दादा, येतोय का आवाज?" मग अकरा मिनिटं वाजवतो. ह्या घरात पंधरा वर्षं आम्हा भावांचं एवढंच बोलणं झालं आहे. मी कधीकधी "येतोय" म्हणत असे.

गेल्या पावसाळ्यानंतर मी तो मोडका ट्रान्झिस्टर भिंगाखाली धरला, त्याचं काचेचं बूड कणाकणाने घासलं आणि पायाच्या उरलेल्या ठिपक्याला केसाएवढी तार जोडली. नव्या डबीत बसवल्यावर मूळचं सर्किट चालू झालं. पण थरथर आली का, हे मला सांगता येत नाही. कान गेले ते माझे.

सदर अस्सल पेडल <s>माझ्या भावास माझ्या मृत्यूनंतर, हे कलम वाचून दाखवून, देण्यात यावं.</s>

कलम ९. वरची ओळ मी खोडली आहे व शेजारी माझी छोटी सही आहे. त्याचं कारण असं. वकीलबाई म्हणाल्या, "दोन साक्षीदार लागतील. एक डॉक्टर झाले. दुसरा असा आणा, ज्याला यात तुम्ही काही ठेवलेलं नाही." मी घरी येऊन यादी करायला बसलो. पुतणी, प्लंबर, दुकानदार, टिनटोपी, भाऊ. शेवटी पंखाही धरला, पण त्याला शिक्का ठेवलाय. माझ्या ओळखीची सगळी माणसं मृत्युपत्रात संपली होती. साक्षीला एकही उरलं नाही. एकाहत्तर वर्षांत माणूस इतकीच माणसं जमवतो, हे कागदावर बघणं मला जड गेलं.

म्हणजे कोणाला तरी वगळायला हवं होतं. आणि मला कळत होतं की माझं मेल्यावर कबुली द्यायचं ठरलं होतं, कारण तेव्हा त्याचा चेहरा बघावा लागला नसता.

भावाला फोन केला. म्हणालो, "एक सही हवी आहे. मृत्युपत्रावर."

तो म्हणाला, "मला काही ठेवलं असशील तर माझी सही चालत नाही म्हणतात."

"काही ठेवलेलं नाही."

"मग येतो."

कलम १०. तो आज तीन वाजता आला. डॉक्टर चारला यायचे होते. मधल्या तासात मी कलम आठ त्याला तोंडी सांगितलं, टेबलाकडे बघत. त्याच्या नखांत हिरवा रंग होता, तो उकरत बसला.

मग म्हणाला, "कानाच्या डॉक्टरकडे तू सोबत आला होतास."

"हो."

"बाहेर बाकावर बसला होतास."

"हो."

"तेव्हाही नाही सांगितलंस."

गिटार घरात नव्हती. मी टेप लावली आणि अस्सल पेडलाचं बटण हाताने दाबलं. स्वतःचा तरुण आवाज ऐकून तो दचकला. अकरा मिनिटं त्याने डोळे मिटून ऐकलं. मला फक्त खालची घरघर येत होती.

"तोच आहे का?" मी विचारलं.

"वरचं थरथरणं आहे. खालचा आवाज थोडा पातळ झालाय."

"खात्री आहे?" सवयीने तोंडातून गेलं.

"आहे," तो म्हणाला. पुन्हा लावायला सांगितलं नाही, मशीनकडे पाहिलं नाही.

माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मी विचारलं नाही. पेडल मी त्याच्या हातात दिलं आहे, त्यामुळे ते आता माझ्या मालमत्तेत मोडत नाही. डॉक्टर आले आहेत. भाऊ पेन मागतो आहे, म्हणून इथे थांबतो.

हे सर्व मी लिहिलं, वाचलं आणि ते खरं आहे. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
तारीख: ९ जानेवारी २०२४, दुपारी सव्वाचार

सही: मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिला, सही: डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना

साक्षीदार दुसरा, सही: मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ. व्यवसाय: रंगाच्या दुकानात नोकरी, पूर्वी गिटारवादक. या मृत्युपत्राने यांना काहीही मिळत नाही.